मातीच्या कुंडीला घरात कुणीतरी लागतं

पत्र थोडक्यात असं आहे. पुण्यातल्या एक ताई, नोकरी करतात, सकाळी आठला घराबाहेर पडतात आणि संध्याकाळी सातला परत येतात. तिसरा मजला, पश्चिमेची बाल्कनी, तीसेक झाडं, सगळी प्लास्टिकच्या कुंड्यांमधे आणि बरी चालली होती. दिवाळीला सासूबाई चिपळूणहून राहायला आल्या, त्यांना ते प्लास्टिक बघवेना, झाडाने श्वास कसा घ्यायचा, आमच्याकडे परसात सगळं मातीतच असतं वगैरे. ताईंनाही ते पटलं कारण मोबाईलवर तसलेच व्हिडिओ बघून झाले होते. मग २२ मातीच्या कुंड्या आल्या, झाडं हलवली, संक्रांतीपर्यंत बाग मस्त होती. सासूबाई गावी परतल्या आणि मार्च-एप्रिलमधे सहा झाडं गेली, दोन गुलाब, कढीपत्ता, पुदिना, फर्न आणि मोगरा. नवरा म्हणतो परत प्लास्टिक आण, टाइल्सवर डाग पडलेत, खालच्या मजल्यावरचे कुरकुरतात. सासूबाई रोज फोनवर विचारतात झाडं कशी आहेत आणि ताई रोज "छान" म्हणतात. आता प्रश्न असा की "सासूबाईंना हातगुण आहे आणि मला नाही असंच समजायचं का? का मातीच्या कुंड्याच शहरात चालत नाहीत? सगळं परत प्लास्टिकमधे लावू का?"

ताई, तुमच्या पत्रात उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय, फक्त त्याचे दोन तुकडे दोन वेगळ्या पानांवर पडलेत. पहिल्या पानावर लिहिलंय की सासूबाई सकाळी पूजा झाली की एकदा आणि दुपारचा चहा झाला की एकदा अशा तांब्या घेऊन बाल्कनीत फिरायच्या. आणि तिसऱ्या पानावर, "मी मात्र पूर्वीसारखंच रोज सकाळी प्रत्येकाला एक मग घालते, कधी चुकवत नाही." बघा म्हणजे. नोव्हेंबर-डिसेंबरच्या गारव्यात दोनदा पाणी आणि मार्च-एप्रिलच्या पश्चिमेच्या उन्हात एकदा. याला हातगुण कशाला म्हणायचं, सासूबाई दुपारी घरी होत्या आणि तुम्ही ऑफिसात असता एवढाच तो फरक आहे.

हातगुण वगैरे मी पूर्ण मोडीत काढत नाही हं. काहींच्या हाताला झाडं खरंच लागतात, पण मी अशा जितक्या बायका बघितल्यात ना त्या सगळ्या येताजाता कुंडीला हात लावणाऱ्या आहेत, बोलता बोलता एक वाळकं पान खुडतील, माती चिमटीत घेऊन बघतील, त्यांना स्वतःलाही कळत नाही की आपण दिवसातून चार वेळा तपासणी करतोय.

आता मातीच्या कुंडीचं बघू. आपण सगळे उन्हाळ्यात माठ भरतो, माठ बाहेरून ओलसर होतो, ते पाणी उडून जातं आणि जाताना आतलं पाणी गार करून जातं. कुंडी म्हणजे खाली भोक पाडलेला माठच, भाजणी तीच, माती तीच. प्लास्टिकच्या कुंडीतलं पाणी वरच्या मातीतून उडतं, पानांवाटे जातं आणि जास्त झालं तर खालच्या भोकातून जातं. मातीच्या कुंडीत हे सगळं होतंच, वर पूर्ण भिंतीमधून पण जातं. आणि ही भिंत किती मोठी असते याचा आपल्याला अंदाज नसतो. १० इंच तोंडाची आणि १० इंच उंचीची कुंडी धरा, तिच्या भिंतीचं क्षेत्रफळ वरच्या उघड्या मातीच्या चौपट भरतं (खाली निमुळती असते म्हणून थोडं कमी धरा). म्हणजे तुम्ही झाडाला एका खिडकीच्या खोलीतून उचललं आणि चारी बाजूंनी जाळ्याच असलेल्या खोलीत ठेवलं, आणि पाणी तेवढंच ठेवलं.

हीच गोष्ट पावसाळ्यात उलटी होते. जुलैमधे आठ-आठ दिवस ऊन नसतं, प्लास्टिकच्या कुंडीतली माती चिखल होऊन बसते, मुळांना हवा मिळत नाही आणि झाड पाण्यात उभं राहून सुकतं, लोकांना वाटतं पाणी कमी पडलं म्हणून ते अजून घालतात. मातीच्या कुंडीत त्या दिवसांत झाड वाचायची शक्यता जास्त, कारण भिंत जादाचं पाणी शोषून बाहेर सोडत राहते. शिवाय मुळांना कडेनेही हवा लागते. उन्हाळ्यातसुद्धा काळं प्लास्टिक दुपारी हात लावू नये इतकं तापतं आणि त्या बाजूची मुळं शेकून निघतात, ओली मातीची कुंडी त्यापेक्षा गार राहते. ओली असेल तर. कोरडी पडली की तीही तापते, मग तिचा काही उपयोग नाही.

तर सासूबाई चूक नाहीत. मला फक्त एक विचारायचंय, त्यांचं परस आणि तुमची बाल्कनी एक आहे का? चिपळूणला हवेतच ओल, कुंड्या जमिनीवर ठेवलेल्या, वर नारळा-पोफळीची नाहीतर फणसाची सावली, आणि घरात दिवसभर कुणी ना कुणी असतं, तांदूळ धुतले की ते पाणी तुळशीला, भांडी विसळली की ते पाणी अळवाला. पुण्यात एप्रिलमधे दुपारी हवा कोरडी ठणठणीत, पारा ३८-४० च्या आसपास, खाली तापलेली टाइल, मागे तापलेली भिंत आणि दाराला कुलूप. तीच कुंडी, तीच माती, पण त्या कुंडीला दुपारी हवा असणारा माणूस नाही. माझं मत विचाराल तर कुंडी निवडताना लोक झाडाकडे बघतात, आधी पाणी घालणाऱ्याकडे बघावं. जो हात मोकळा असतो, सारखा पाणी घालत सुटतो, त्याला मातीची कुंडी द्या, ती त्याच्या चुका पोटात घेते. जो हात आठला घर सोडतो त्याला प्लास्टिक सांभाळून घेतं. निवृत्त झालेल्या एका काकांना मी स्वतः सगळं प्लास्टिक काढून मातीच्या कुंड्या घ्यायला लावल्या होत्या कारण ते दिवसातून तीनदा पाणी घालायचे आणि त्यांची तुळस दर पावसाळ्यात कुजायची. तुमचं बरोबर उलटं आहे.

अजून एक शंका आहे, तुम्ही लिहिलंय की "पाणी घालते तर लगेच खालून बाहेर येतं, म्हणजे पुरेसं होत असणार." ताई, इथे घात झालाय बहुतेक. तुमच्या कुंडीतल्या मिश्रणात कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) बरंच आहे असं दिसतंय, ते एकदा खडखडीत वाळलं की आक्रसतं आणि कुंडीच्या कडेपासून सुटतं, बोटाच्या नखाएवढी फट पडते, आणि मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरून बशीत येतं. मधला मुळांचा गोळा कोरडाच. तुम्हाला वाटतं झाड तृप्त झालं. आज घरी गेल्यावर एका कुंडीत कडेला बघा फट आहे का, आणि मधोमध बोट दोन पेरं खुपसून बघा. कोरडं लागलं तर वरून पाणी ओतत बसू नका, टबमधे चार-पाच इंच पाणी घेऊन अख्खी कुंडी त्यात अर्धा-पाऊण तास बसवा, बुडबुडे यायचे थांबले आणि वरची माती ओली दिसली की काढा. मग कडेची फट बोटाने माती दाबून बुजवा आणि वर वाळक्या पानांचा दोन इंच थर द्या. सोसायटीच्या झाडाखालचा पालापाचोळा चालतो, झाडणाऱ्या मावशी आनंदाने पोतंभर देतील. एवढ्यानेच वरून उडणारं पाणी बरंच वाचतं.

बोट घालायचा कंटाळा असेल तर मातीच्या कुंडीची एक सोय आहे जी प्लास्टिकला नाही. बोटाच्या पेराने टकटक करा. आत कोरडी असेल तर कुंडी टण्ण वाजते, ओली असेल तर बद्द. दोन दिवसांत कान तयार होतो. रंगावरूनही कळतं, ओली कुंडी गडद विटकरी असते आणि वाळत आली की वरून खाली फिकी होत जाते, ती रेघ कुठपर्यंत उतरलीय ते सकाळी ब्रश करता करता दिसतं.

सगळं परत प्लास्टिकमधे लावू का, तर नको. तुमच्याकडे जुन्या प्लास्टिकच्या कुंड्या माळ्यावर आहेत असं लिहिलंय, बरं झालं टाकल्या नाहीत. पर्यावरणासाठी म्हणून घरातलं चांगलं प्लास्टिक कचऱ्यात टाकायचं आणि नवीन काहीतरी विकत आणायचं, हा हिशोब मला कधीच कळला नाही. मातीची कुंडी भाजायलाही जळण लागतंच. आणि एकदा भाजलेली माती परत माती होत नाही हेही लक्षात ठेवा, संगमनेरजवळ जोर्वे गावी जी खापरं सापडली, ज्यांच्यावरून त्या अख्ख्या संस्कृतीला जोर्वे नाव पडलं, ती तीन हजार वर्षं जमिनीत पडून होती आणि त्यांच्यावरची काळी नक्षी अजून दिसते. निदान ते खापर मातीत काही सोडत नाही हे खरं, पण म्हणून ते "निसर्गात विरघळतं" असं जे व्हिडिओत सांगतात ते काही खरं नाही.

तर वाटणी करा. कोरफड, स्नेक प्लांट, जेड, अडेनियम, निवडुंग, बोगनवेल ही मंडळी मातीच्या कुंडीत ठेवा, त्यांना दोन पाण्यांच्या मधे वाळणं आवडतं, तुम्ही एक दिवस विसरलात तरी ती रुसत नाहीत. तुळससुद्धा मातीतच बरी, पण उन्हाळ्यात तिला दोन वेळा बघावं लागेल किंवा दुपारच्या उन्हातून हलवावं लागेल. पुदिना, फर्न, पीस लिली, अळू, कोथिंबीर, यांना सतत ओल हवी, यांना प्लास्टिकमधे परत पाठवा आणि मनातून काही वाटून घेऊ नका. गुलाब, मोगरा, जास्वंद, कढीपत्ता दोन्हीकडे चालतात पण अट एकच, कुंडी मोठी हवी. तुम्ही गुलाब ८ इंची मातीच्या कुंडीत लावलेत, तिथेच खरं चुकलं. कुंडी जितकी लहान तितकी तिच्यात माती कमी आणि त्या मानाने भिंत जास्त, पश्चिमेच्या उन्हात ८ इंची मातीच्या कुंडीतलं पाणी फार लवकर संपतं. गुलाबाला १२ इंची द्या, मातीची हवी तर मातीची.

पण १२ इंची देताना वजनाचा विचार करा. भरलेली, भिजलेली १२ इंची मातीची कुंडी वीस किलोच्या आसपास सहज जाते, तीच प्लास्टिकची असेल तर पाच-सहा किलो कमी. तुमच्याकडे अशा दहा झाल्या तर बाल्कनीच्या मधोमध रांग लावू नका, भिंतीच्या कडेला, दूर दूर ठेवा. आणि ग्रिलवर किंवा कठड्यावर मातीची कुंडी ठेवायचीच नाही, कितीही छान दिसली तरी. वळवाचा वारा सुटला की तिसऱ्या मजल्यावरून खाली काय पडेल आणि कुणावर पडेल हा विचार केला तरी माझ्या पोटात गोळा येतो. कठड्याला प्लास्टिक, ते पण तारेने बांधून.

सासूबाईंचंही राखायचं असेल तर एक मधला मार्ग आहे आणि तो नुसता त्यांना खूष करायला नाही, खरंच चांगला आहे. प्लास्टिकची कुंडी मातीच्या मोठ्या कुंडीत बसवा, मधल्या फटीत वाळका पाला नाहीतर कोकोपीट भरा. ऊन बाहेरच्या मातीवर पडतं, आतलं प्लास्टिक तापत नाही, पाणीही टिकतं. आतल्या कुंडीखाली विटेचा तुकडा ठेवा म्हणजे ती तळाच्या पाण्यात बसणार नाही, आणि बाहेरच्या कुंडीचं भोक उघडं आहे ना ते बघा. काहीजण मातीच्या कुंडीला आतून प्लास्टिकची पिशवी लावतात, तळ कापून, तेही चालतं, फक्त मग ती मातीची कुंडी फक्त दिसायला मातीची राहते.

दुसरी गंमत म्हणजे सुगडं. संक्रांतीची सुगडं तुमच्याकडे पडून असतीलच, प्रत्येक घरात असतात, टाकवत नाहीत आणि वापरवत नाहीत. हळदीकुंकू धुऊन टाका, रात्रभर पाणी भरून ठेवा, सकाळी बाहेरून ओलं लागलं की समजा पाझरतंय. असं सुगड मोठ्या कुंडीत झाडाच्या बाजूला गळ्यापर्यंत पुरायचं, सकाळी निघताना पाण्याने भरायचं आणि वर पणती उपडी झाकायची. शेतात मोठी मडकी पुरून झाडांना पाणी देतात ना, मटका सिंचन म्हणतात, त्याचंच हे बाळरूप. मातीची जी सवय तुम्हाला नडली तीच इथे तुमच्या कामी येते. सुगडात पाणी फार मावत नाही, त्यामुळे यावर विसंबून महाबळेश्वरला चार दिवस जाऊ नका, पण सकाळी आठ ते संध्याकाळी सात निघून जातं.

डागांचं. टाइल्सवर आणि कुंडीच्या अंगावर जे पांढरं दिसतंय ते क्षार आहेत, बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर जास्तच. पाणी भिंतीतून उडून जातं आणि क्षार मागे ठेवून जातं. बुरशी समजून घाबरू नका. व्हिनेगर पाण्यात मिसळून ब्रशने घासलं की निघतं, व्हिनेगर झाडाच्या मातीत जाऊ देऊ नका. पण फार पटकन परत येत असेल तर खत जास्त होतंय का बघा, आणि पावसाळ्यात कुंड्या भर पावसात ठेवा, वरून चांगलं धुऊन निघतं. पावसात हिरवं शेवाळ येईल त्याने झाडाला काही होत नाही, पाय घसरतो तेवढं सांभाळा. कुंडीखाली विटेचे तीन तुकडे आणि त्याखाली प्लास्टिकची बशी ठेवा, मातीची बशी घेऊ नका, ती स्वतःच झिरपते. बशीत पाणी साठू देऊ नका, डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, आठवड्यातून एकदा तरी सगळ्या बशा उपड्या करून घासायच्याच.

खालच्या मजल्यावरच्यांना एकदा वर बोलवा आणि बशा दाखवा. हे मी अनुभवाने सांगते, एका वर्षी मी मे महिन्यात हौसेने सगळ्या कुंड्यांना गेरू दिला, दोन दिवसांनी वळीव आला आणि खालच्या काकूंच्या दोरीवरच्या पांढऱ्या चादरींवर माझा गेरू उतरला. त्या काही बोलल्या नाहीत, चादरी मात्र घडी करून माझ्या दारात ठेवून गेल्या. तेव्हापासून गेरू दिवाळीनंतर. आणि गेरूच द्यायचा, ऑइलपेंट नको, त्याने भिंत बंद होते, आतली ओल रंगाला फुगवते आणि वर्षभरात पापुद्रे निघतात.

पुढच्या वेळी कुंडी आणताना हेच टकटक दुकानात पण करा. नीट भाजलेली खणखणीत वाजते, कच्ची किंवा चिरलेली भदभद. कच्ची कुंडी पहिल्याच पावसात खपले धरते. तळाला भोक आहे का बघा, बऱ्याचदा अर्धवट असतं नाहीतर वाळलेल्या मातीने बंद असतं. माठासारखं निमुळतं तोंड असलेली सुंदर कुंडी मोह पाडते पण घेऊ नका, मातीत मुळं भिंतीला घट्ट चिकटतात, रुंद तोंडाच्या कुंडीत कडेने सुरी फिरवून झाड निघतं, निमुळत्या तोंडाच्या कुंडीतून झाड काढायचं तर कुंडी फोडावी लागते. आणि नवी कुंडी लावायच्या आधी रात्रभर पाण्यात बुडवा, कोरडी कुंडी पहिल्या दिवशी झाडाचं पाणी स्वतःच पिते. तुम्ही २२ कुंड्या एका रविवारी आणून त्याच दिवशी लावल्यात असं लिहिलंय, थंडी होती आणि सासूबाई होत्या म्हणून तेव्हा निभावलं.

आता त्या फोनचं. "छान" म्हणणं बंद करा ताई. त्यांना तुम्ही सांगा की सहा झाडं सुकली, आणि पुढे विचारा की तुम्ही दुपारी किती पाणी घालत होतात, मला नीट सांगा. मला वाटतं त्यांना झाडांचं वाईट वाटेल पण विचारलंत म्हणून बरंही वाटेल, आणि कदाचित त्याच म्हणतील की अगं पुदिना मी गावी फुटक्या बादलीत लावलाय. कोकणात निम्मी बाग फुटक्या बादल्या आणि तेलाच्या डब्यांत असते, परसात मातीशिवाय काही नसतं हे सांगताना ते लोक विसरतात. जूनमधे त्या येणार असतील तर तोपर्यंत वाटणी करून ठेवा, पावसाळ्यात मातीच्या कुंड्यांची खरी कमाल त्यांना दाखवता येईल.

आणि ती सहा झाडं अजून टाकली नसतील तर टाकू नका. पुदिना आणि फर्नचं काही सांगता येत नाही, पण गुलाब, मोगरा आणि कढीपत्ता पानं गाळून नुसत्या काड्या होऊनही जिवंत असू शकतात. जमिनीपासून दोन बोटं वर काडी नखाने हलकीच खरवडा. आत तपकिरी, कोरडं लागलं तर गेलं. हिरवं आणि ओलसर दिसलं तर वरच्या वाळक्या काड्या तिथपर्यंत छाटा, कुंडी टबात बसवून काढा, खत अजिबात घालू नका, आणि पंधरा-वीस दिवस घरात उजेडाच्या खिडकीपाशी ठेवा. मोगऱ्यापासून सुरुवात करा, तो सहसा इतक्या लवकर मरत नाही. काय दिसलं ते कळवा.